मेमरी कॉम्पॅक्शन

संगणकाच्या मेमरीत विखुरलेली मोकळी जागा एकसलग करण्याची, ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलमधील प्रक्रिया. जागा कमी असणे आणि जागा तुकड्यांत असणे ही दोन वेगळी दुखणी आहेत. कॉम्पॅक्शन हा फक्त दुसऱ्यावरचा इलाज.

परभणीच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. वाटण्या होऊन पाच एकर चार ठिकाणी गेले की बांधांत आणि औत वळवण्यातच रान जाते, एक विहीर सगळ्या तुकड्यांना पुरत नाही. मुंबई प्रांताने 1947 साली तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा केला तो याच कारणाने. परभणीला मात्र तो तेव्हा लागू नव्हता, ती निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती.

नेहमीच्या संगणकावर लिनक्स 4 किलोबाइटच्या पानांत मेमरी वाटते. 2 मेगाबाइटच्या मोठ्या पानाला मात्र अशा 512 पानांची सलग जागा लागते. शेकडो मेगाबाइट मोकळे असूनही ती सापडेलच असे नाही. म्हणून एक शोधक झोनच्या, म्हणजे मेमरीच्या एका विभागाच्या, तळाकडून वर निघतो आणि हलवता येतील अशी वापरातली पाने गोळा करतो. दुसरा वरून खाली येत रिकाम्या जागा हेरतो. पानांतला मजकूर तिकडे उतरवला जातो, प्रोग्रामचा पत्ता खऱ्या जागेशी जोडणारी पेज टेबलातली नोंद बदलते, आणि दोघांची गाठ पडली की फेरी संपते. प्रोग्रामला पत्ता जुनाच दिसतो. शेताच्या एकत्रीकरणात नेमके उलटे घडते: जमीन जागीच राहते, हलावे लागते ते माणसाला.

कर्नलची स्वतःची बरीच पाने विहिरीसारखी असतात, उचलून नेता येत नाहीत. 512 च्या पट्ट्यात असे एक जरी अडकले तरी तो पट्टा मोकळा होत नाही. 2008 च्या 2.6.24 आवृत्तीपासून हलणारी व न हलणारी पाने वेगळ्या पट्ट्यांत ठेवली जाऊ लागली. माझ्या मते खरी दूरदृष्टी तीच. कर्नल-विकासक मेल गोरमन यांचे कॉम्पॅक्शन 2010 मध्ये 2.6.35 मध्ये आले. जागा मागणाऱ्या प्रोग्रामला कॉम्पॅक्शन होईपर्यंत ताटकळावे लागे, म्हणून 2016 च्या 4.6 मध्ये केकॉम्पॅक्टडी हा पडद्यामागचा गडी नेमला गेला. मागणी येण्याआधीच आवरून ठेवण्याची सोय 2020 च्या 5.9 मध्ये झाली.

तुकडे मोजायचे असतील तर प्रोक फोल्डरातली बडीइन्फो फाइल उघडावी. डावीकडचा रकाना 4 किलोबाइटच्या सुट्या पानांचा, पुढचा प्रत्येक दुप्पट मोठ्या तुकड्यांचा. डावीकडे हजारांचे आकडे आणि उजवीकडे नुसती शून्ये दिसली, की मोकळी मेमरी कुठे अडकली आहे ते कळते.