‘आयगुल’ : एका स्त्रीनामाची घडण

कझाख आणि किर्गिझ समाजांत ‘आयगुल’ हे स्त्रीनाम विशेष प्रचलित आहे. त्याचा अर्थ ‘चंद्रपुष्प’ असा देऊन चर्चा बहुधा तेथेच संपविली जाते. हा अर्थ चुकीचा नाही. परंतु नामाची फोड म्हणजे नामाचा इतिहास नव्हे. ह्या नामातील दोन पदे दोन भिन्न भाषाकुलांतील असल्यामुळे ते कोठे घडले, हा प्रश्न उरतोच.

‘आय’ म्हणजे चंद्र. हे पद मूळचे तुर्की कुलातील असून आठव्या शतकातील ओर्खोन शिलालेखांत ते ‘महिना’ ह्या अर्थाने येते. ते स्त्रीवाचक मात्र नव्हे. ओघुझ वंशकथेत आय खान हा पुत्र आहे. ‘गुल’ हे पद फार्सी. अवेस्तेतील ‘वरेध’शी त्याचे नाते असून, आद्य ‘व’चा ‘ग’ आणि ‘र्द’चा ‘ल’ होऊन ते सिद्ध झाले.

तर मग संपूर्ण नामच फार्सीतून उचलले गेले काय? ‘गुलनार’ म्हणजे डाळिंबाचे फूल. त्यात फूल आधी येते, ‘आयगुल’मध्ये शेवटी. तथापि केवळ पदक्रमावरून निर्णय करणे धोक्याचे आहे. मराठीत रुळलेला ‘गुलाब’ (गुल + आब, म्हणजे गुलाबपाणी) हा शब्द फार्सी असूनही त्यात विशेषक पद आधीच आहे. खरा पुरावा पहिल्या पदात आहे. फार्सीत चंद्राला ‘माह’ म्हणतात. ‘आय’ हे पद योजणारा समाज तुर्कीभाषीच असला पाहिजे. ‘आयसुलू’ (चंद्रासारखी सुंदर) आणि मनास महाकाव्यपरंपरेतील सेमेतेयची पत्नी ‘आयचुरोक’ ही नामे त्याच साच्यातील होत.

उच्चारही हेच सांगतो. तुर्की स्वरसंवादानुसार एका शब्दातील स्वर सामान्यतः एकाच वर्गाचे असतात. येथे ‘आय’चा स्वर पश्च, तर ‘ग्युल’चा अग्र आहे, जोड अद्याप दिसते. प्रत्यय मात्र दुसऱ्या पदास अनुसरतो : ‘आयगुलला’ ह्या अर्थी कझाखमध्ये ‘आयग्युलगे’, तर किर्गिझमध्ये ओष्ठ्य स्वराने ‘आयग्युलग्यो’.

सारांश, ‘आयगुल’ हे उसने नाम नव्हे, तसेच ते निव्वळ तुर्कीही नव्हे. फार्सी शब्द आपलासा करून तो स्वतःच्या साच्यात बसविणाऱ्या तुर्कीभाषी समाजाची ती निर्मिती आहे. शब्दाचे मूळ आणि नामाचे मूळ ह्यांत भेद न केल्यास हा इतिहास हाती लागत नाही.