'लागण' आणि 'बाधा' : एड्सविषयक लोकधारणेचा पिढीगत इतिहास

शिरूर तालुक्यातील न्हावरे हे घोडगंगा सहकारी साखर कारखान्याचे गाव. अशा ऊसपट्ट्यात 'लागण' या शब्दाचे दोन अर्थ नांदतात : बेणे लावून केलेले नवे पीक, आणि रोगाचा संसर्ग. पहिला अर्थ चारचौघांत उच्चारला जातो; दुसरा, निदान एड्सच्या संदर्भात, आवाज उतरवून. या संकोचाचे स्वरूप मात्र सर्व वयोगटांत एकसारखे नाही.

१९८६ पूर्वी प्रौढ झालेल्या पिढीपाशी 'गरमी', 'परमा' हे शब्द होते. शिष्ट भाषेत त्यांवर 'गुप्तरोग' हे पांघरूण पडले. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात 'समाजस्वास्थ्य' मासिकातून हा विषय उघडपणे मांडला, आणि त्यापायी अश्लीलतेचे खटले सोसले. ज्ञान होते, पण त्याला सभ्य भाषा मिळाली नाही. १९८६ मध्ये भारतातील पहिले निदान मद्रासला वेश्याव्यवसायातील स्त्रियांत झाले, तेव्हा या पिढीने नवा रोग जुन्याच कप्प्यात टाकला, हे स्वाभाविकच होय.

पुढच्या पिढीची धारणा भयातून घडली. गोव्यात १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या रक्तदात्यास विषाणू आढळताच ६४ दिवस स्थानबद्ध करण्यात आले; ज्या कायद्याने हे घडले तो उच्च न्यायालयाने उचलून धरला. १८९७ च्या पुण्यातील प्लेगच्या विलगीकरणाचे येथे स्मरण व्हावे. भेद एवढाच की, प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळे पसरे, हा रोग तसा पसरत नाही. भोसरी येथे १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली, तरीही विषाणूची लागण आणि प्रत्यक्ष रोग यांतील भेद बोलीत उतरला नाही. दोहोंना 'एड्स झाला' असेच म्हटले गेले.

१ एप्रिल २००४ पासून शासनाने विनामूल्य औषधोपचार सुरू केले. त्यानंतर वाढलेल्या पिढीचे भय ओसरले. ज्ञान वाढले असे मात्र म्हणवत नाही. २००७ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळांतील लैंगिक शिक्षण थांबविले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटात या रोगाचे समग्र ज्ञान असलेल्या भारतीय पुरुषांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३२.३ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ३०.७ टक्क्यांवर आले. स्त्रियांत ते २०.९ वरून जेमतेम २१.६ झाले.

भेदभावास मनाई करणारा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. शासकीय मराठीत आता 'एचआयव्हीबाधित' हा शब्द रूढ आहे. हेतू चांगला, निवड तितकीशी नाही. 'भूतबाधा' ऐकत वाढलेल्या श्रोत्याला 'बाधा' म्हटले की उतारा आठवतो. त्याच्या नातवाला तोच शब्द केवळ दवाखान्याच्या कागदावरचा वाटतो.