चाक बदलले, हिशेब जुनाच

बेळगावच्या उत्तरेला असलेल्या कडोलीच्या वाटांवरून आधी लोखंडी धावेच्या बैलगाड्या गेल्या, मग रबरी टायरच्या गाड्या, जीप आणि मोटारी. चाकाचे माप दर टप्प्याला बदलले, पण बैलगाडीला त्याचे सोयरसुतक नव्हते. लोहाराने लालबुंद तापवलेली धाव लाकडी चाकावर चढवून पाणी ओतले की ती आकसून घट्ट बसे. ती जुनीपेक्षा जाड निघाली म्हणून कुणाचा हिशेब चुकत नसे. मोटारीचा मीटर मात्र रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. म्हणून मोठे टायर घातल्यावर तो चुकू लागला, तर दुरुस्ती फेऱ्यांच्या हिशेबात करावी लागते. काटा सरकवून भागत नाही.

ही अडचण मोटारीहून फार जुनी आहे. रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियसच्या अंतरमापक गाडीत 4 फूट व्यासाच्या चाकाचे 400 फेरे म्हणजे 5000 फुटांचा मैल धरला होता, म्हणजे दर फेऱ्याला 12.5 फूट. प्रत्यक्षात अशा चाकाचा परीघ 12.57 फूट भरतो. अर्ध्या टक्क्याची चूक यंत्र बांधतानाच त्यात शिरली. ब्रिटिश सर्वेक्षकही रस्त्यांची अंतरे मोजायला चाक वापरत, पण लॅम्बटनने 1802 मध्ये मद्रासजवळ त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पायारेषा मोजली ती पोलादी साखळीने. 1902 मध्ये ओटो शुल्झेने पेटंट घेतलेल्या स्पीडोमीटरमध्ये केबलने फिरणारे चुंबक धातूच्या वाटीला ओढते आणि बारीक स्प्रिंग तिला अडवते. ही रचना कितीही नेटकी असली, तरी चाक केवढे आहे हे तिला कुठून कळणार?

एखाद्या लहान मोटारीचे 145/80 आर 12 टायर काढून 165/70 आर 13 घातले तर व्यास सुमारे 537 मिलिमीटरवरून 561 वर जातो, म्हणजे साडेचार टक्क्यांनी वाढतो. मीटर 60 दाखवतो तेव्हा खरा वेग जवळजवळ 63 असतो. फरक 30 ला दीड किलोमीटरहून कमी, 80 ला साडेतीनहून जास्त. काटा एकदाच सरकवून तो सर्वत्र कसा भरून निघेल? मग तबकडीच नवी छापावी, असे कुणी म्हणेल. 1956 च्या वजनमापांच्या कायद्यानंतर मैल जाऊन किलोमीटर आले. एकक बदलले म्हणून मैलाची तबकडी काढून किलोमीटरची बसवली, तर वेग बरोबर वाचता येतो, हे खरे. पण एकूण अंतराचे आकडे दात्यांवर फिरतात. तबकडीने ते सुधारत नाहीत. गिअरबॉक्समधून केबल फिरवणाऱ्या पिनियनला 22 दाते असतील, तर 21 दात्यांचा बसवल्यावर केबल पावणेपाच टक्के जलद फिरते आणि वेग व अंतर दोन्ही जवळपास ठिकाणावर येतात. नव्या गाड्यांत हेच काम सेन्सरचे सेटिंग बदलून होते.

मोबाइलवर खरा वेग दिसतोच, मग एवढा खटाटोप कशाला, हा आक्षेप निम्माच बरोबर आहे. तपासणीला मोबाइल उत्तम. पण मीटरवर 100 ऐवजी 96 किलोमीटर पडत असतील, तर अ‍ॅव्हरेज कमी दिसते आणि ऑइल बदलायला उशीर होतो. कंपन्या मीटर मुद्दाम थोडा पुढे ठेवतात, ही सवलतही मोठे चाक खाऊन टाकते. टायर निवडतानाच नव्या-जुन्या व्यासांचे गुणोत्तर काढून ठेवले, तर दुरुस्तीला नेमका कोणता पिनियन लागेल हे आधीच ठरते.