वकिलावांचून न्याय

नोकर आणि मालक यांचा तंटा दिवाणी कोर्टांत लांबला, तर कोणाची थैली आधीं रिकामी होईल, हें सांगावयास ज्योतिषी नको. मग नोकरानें दाद कोठें मागावी? ग्रेट ब्रिटनमधील रोजगार न्यायाधिकरणांचा इतिहास या प्रश्नाभोंवतींच फिरतो.

१९६४ सालीं हीं न्यायासनें स्थापन झालीं, तेव्हां कारखानदारांवरील प्रशिक्षण-कराचीं अपिलें ऐकणें एवढेंच त्यांचें काम होतें. १९६८ सालीं लॉर्ड डोनोव्हन यांच्या आयोगानें असा अभिप्राय दिला कीं, नोकरीचे तंटे सोडविणारी जागा सहज गांठतां येणारी, त्वरित निकाल देणारी, साधी आणि अल्पखर्चाची असावी. १९७१ च्या कायद्यानें अन्यायानें बडतर्फ झालेल्या नोकरास येथें दाद मागण्याचा हक्क मिळाला. आजचें नांव १९९८ सालचें.

येथें वकिलाची सक्ती नाहीं. पक्षकारानें स्वतः बोलावें, अथवा वकील, कामगार-संघाचा प्रतिनिधि किंवा एखादा स्नेही उभा करावा. परंतु कायदा वाढत गेला आणि त्याबरोबर वकीलही आले. अंतिम सुनावणींत मालकाचा बॅरिस्टर उलटतपासणी घेतो. एकटा नोकर मात्र प्रश्न विचारण्याऐवजीं आपली कैफियतच सांगूं लागतो. न्यायाधीशानें दोन्ही पक्षांस शक्य तितकें समान पातळीवर ठेवावें असा नियम आहे; तथापि त्यास एका पक्षाचा वकील होतां येत नाहीं.

खर्चाचा नियमही दुधारी आहे. हरणाऱ्यानें जिंकणाऱ्याच्या वकिलाची फी सामान्यतः द्यावी लागत नाहीं. त्यामुळें गरीब नोकर निर्भयपणें दाद मागूं शकतो. पण वकील केल्यास त्याची फी मिळालेल्या भरपाईंतूनच जाते. इंग्लंड व वेल्समध्यें अशा सुनावणीसाठीं वकील देण्यास सरकारी मदतही बहुधा मिळत नाहीं.

त्यांत जुलै २०१३ पासून सरकारनें फी बसविली. बडतर्फीच्या दाव्यास आरंभीं २५० पौंड व सुनावणीपूर्वीं आणखी ९५० पौंड! दावे झपाट्यानें घटले. अखेर २६ जुलै २०१७ रोजीं 'युनिसन' या कामगार-संघाच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें ती फी बेकायदेशीर ठरविली.

दार पुन्हां उघडलें, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु दार उघडें असणें आणि आंत आपली बाजू नीट मांडतां येणें, या दोन गोष्टी निराळ्या. पहिली कायद्यानें साधते. दुसरीसाठीं शेजारीं उभा राहणारा जाणता माणूस लागतो.