घरी बांधलेल्या विमानात ट्रॅफिक आणि हवामान रिसीव्हर कसे बसवतात? आणि सिरसाळ्यावरून उडताना त्यातला कोणता चालतो?

मुंबई ते विशाखापट्टणम अशी नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती बीड जिल्ह्यातल्या केज-अंबाजोगाई परिसराच्या आसपास जाते. परळी तालुक्यातले सिरसाळा तिथून फार लांब नाही. ३५ हजार फुटांवरून जाणारे विमान खालून ठिपक्याएवढे दिसते, पण ते गप्प नसते. आपण कोण, कुठे आहोत, किती उंचीवर आहोत आणि कुठल्या दिशेने किती वेगाने चाललो आहोत, हे ते रेडिओवरून सतत सांगत असते.

हे ऐकणारा रिसीव्हर आता छोट्या विमानातही बसतो, अगदी घरी बांधलेल्या विमानातही. बहुतेक वेळा त्याच डब्यात हवामान सांगणारा दुसरा रिसीव्हरही असतो. गंमत अशी, की सिरसाळ्यावरून उडताना यातला पहिला चालतो आणि दुसरा मुका राहतो. असे का होते, हे समजून घेऊया.

घरी बांधलेले विमान म्हणजे काय?

कारखान्यात तयार न होता एखाद्या व्यक्तीने स्वतः जोडलेले किंवा पूर्णपणे स्वतः आराखडा काढून बनवलेले विमान म्हणजे 'होमबिल्ट'. अमेरिकेत अशी हजारो विमाने उडतात. विमानाचा मोठा भाग हौशी माणसाने स्वतः बांधलेला असावा, ही तिथली मुख्य अट.

महाराष्ट्रातले ठळक उदाहरण म्हणजे कॅप्टन अमोल यादव. व्यवसायाने वैमानिक असलेल्या यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात, राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे, त्याची नोंदणी झाली आणि ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्यात त्याने चाचणी उड्डाण केले. विमान बांधण्याइतकीच लांबची वाट त्याला आकाशात न्यायला चालावी लागते, हे या प्रवासातून दिसले.

ट्रॅफिक रिसीव्हर काय ऐकतो?

या तंत्राचे नाव एडीएस-बी. विमान जीपीएसवरून आपले स्थान काढते आणि १०९० मेगाहर्ट्झवर प्रसारित करते. प्रसारित करणाऱ्या भागाला 'एडीएस-बी आउट' म्हणतात, तर ऐकणाऱ्या भागाला 'एडीएस-बी इन'. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने देशभरात भूकेंद्रे उभारून हेच संदेश हवाई नियंत्रणासाठी वापरात आणले आहेत. मोबाइलवर विमाने दाखवणारी ॲप्सही मुख्यतः याच संदेशांवर चालतात.

महत्त्वाची गोष्ट म्हणजे, इथे विमान स्वतःच बोलते. मध्ये जमिनीवरचे केंद्र असलेच पाहिजे असे नाही. म्हणून मराठवाड्यावरून जाणारे विमान प्रसारण करत असेल, तर छोट्या विमानातल्या रिसीव्हरला ते थेट ऐकू येते.

याचा उपयोग किती? दोन छोटी विमाने ताशी २२० किलोमीटर वेगाने समोरासमोर येत असतील, तर त्यांच्यातले अंतर ताशी ४४० किलोमीटरने कमी होते. समोरचे विमान तीन किलोमीटरवर डोळ्यांना दिसले, तरी हाती साधारण २५ सेकंद उरतात. पडद्यावर तेच विमान ३० किलोमीटरवर दिसले, तर चार मिनिटे मिळतात.

हवामान रिसीव्हर गप्प का?

अमेरिकेत ९७८ मेगाहर्ट्झवर सरकारी भूकेंद्रे रडारची चित्रे, विमानतळांचे हवामान आणि धोक्याचे इशारे मोफत प्रसारित करतात. अशी सहाशेहून अधिक केंद्रे तिथे आहेत. भारतात ९७८ मेगाहर्ट्झवरची ही सेवा नाही. त्यामुळे अमेरिकेतून आणलेला महागडा डबा सिरसाळ्यावर हवामानाच्या पानावर कोराच राहतो. यंत्र बिघडलेले नसते, त्याच्याशी बोलणारे कुणी नसते इतकेच. इंटरनेटवर वाचून दुहेरी रिसीव्हर मागवणाऱ्या हौशी माणसाने पैसे मोजण्याआधी हे लक्षात घ्यायला हवे.

रिसीव्हर बसवतात कसा?

काम वरवर सोपे वाटते, पण चुका बारीक जागी होतात. साधारण क्रम असा:

१. जागा आणि वजन. डबा हलका असला, तरी तो कुठे बसवला यावर विमानाचा गुरुत्वमध्य बदलतो. म्हणून नंतर वजन-संतुलनाचा हिशेब पुन्हा करून कागदावर नोंदवतात.

२. अँटेना. १०९० मेगाहर्ट्झच्या साध्या अँटेनाची लांबी सुमारे सात सेंटीमीटर असते. तिला खाली धातूचा सपाट पृष्ठभाग लागतो. विमान ॲल्युमिनियमचे असेल तर तो आयताच मिळतो, काचतंतूचे असेल तर आतून धातूची पट्टी बसवावी लागते. कार्बन तंतूचे कवच रेडिओ लहरी अडवते, त्यामुळे तिथे अँटेना बाहेरच हवी.

३. ट्रान्सपॉन्डरपासून अंतर. विमानातला ट्रान्सपॉन्डरही १०९० मेगाहर्ट्झवरच उत्तर देतो आणि त्याचे स्पंद दोनशे वॅटच्या घरात असू शकतात. शेजारी बसलेल्या नाजूक रिसीव्हरला ते कानाजवळ वाजलेल्या फटाक्यासारखे असते. म्हणून दोन्ही अँटेनांमध्ये उत्पादकाने सांगितलेले अंतर ठेवतात. काही संचांत ट्रान्सपॉन्डर बोलताना रिसीव्हरचा कान क्षणभर बंद करणारी वेगळी तारही जोडतात.

४. वीज. प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र फ्यूज किंवा सर्किट ब्रेकर. घरगुती पीव्हीसी वायर वापरत नाहीत, कारण जळाल्यास तिचा धूर विषारी असतो आणि बंद कॉकपिटमधून पळायला जागा नसते. विमानासाठीची खास वेष्टनाची वायरच घ्यावी लागते.

५. माहितीची जोडणी. रिसीव्हर पडद्याशी सिरियल तारेने किंवा टॅब्लेटशी वायफायने जोडतात. दोन्हीकडे माहितीचा वेग आणि प्रकार सारखाच लावला नाही, तर सगळे जोडूनही पडदा रिकामा राहतो.

६. स्वतःची ओळख. प्रत्येक विमानाला २४ बिटांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो. आपल्या विमानाचा क्रमांक रिसीव्हरला दिला नाही, तर तो आपलेच प्रसारण ऐकतो आणि आपल्याच शेजारी एक भुताटकीचे विमान दाखवत राहतो.

७. चाचणी. आधी इंजिन बंद ठेवून, मग चालू करून, रेडिओ आणि दिवे एकेक लावत चाचणी घेतात. होकायंत्र चुकू लागले आहे का, व्हीएचएफ रेडिओत खरखर वाढली आहे का, हेही तपासतात.

भारतात विमानातल्या रेडिओ उपकरणांसाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेच्या परवान्याची आणि विमानातल्या बदलांसाठी डीजीसीएच्या मान्यतेची बाजू असते. त्यामुळे खरेदीआधी कागद पाहिलेले बरे.

मग सिरसाळ्यावर हवामान कसे कळणार?

हा प्रश्न मराठवाड्यात जिवाचा आहे. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधली गारपीट इथला शेतकरी विसरलेला नाही. उन्हाळ्याच्या शेवटी दुपारनंतर उठणारे गडगडाटी ढग १२ किलोमीटरच्याही वर जातात. आठ-दहा हजार फुटांवर उडणारे छोटे विमान त्यांच्यावरून जाऊ शकत नाही, त्याला वळसाच घालावा लागतो.

यासाठी तीन मार्ग आहेत. पहिला, उड्डाणाआधीची तयारी: भारतीय हवामान विभागाची रडार आणि उपग्रह चित्रे, चिकलठाण्यासारख्या विमानतळांचे हवामान अहवाल आणि पुण्याच्या आयआयटीएमचे विजांची सूचना देणारे 'दामिनी' ॲप. दुसरा, हवेत असताना व्हीएचएफ रेडिओवर नियंत्रकाकडून घेतलेली माहिती. तिसरा, विजांचा शोध घेणारे उपकरण. वीज चमकली की निघणाऱ्या रेडिओ लहरी ते स्वतः पकडते आणि ढग कुठल्या दिशेला आहे ते दाखवते. त्याला जमिनीवरच्या कुठल्याच केंद्राची गरज नसते, म्हणून ते अमेरिकेइतकेच बीडवरही चालते. मात्र ते अंतराचा अंदाजच देते आणि वीज न पडणाऱ्या पावसाबद्दल काही सांगत नाही.

पडदा रिकामा म्हणजे आकाश रिकामे नव्हे

हवामान सेवा असलेल्या अमेरिकेतही धडे रक्त सांडूनच मिळाले. कॉकपिटमधले रडार चित्र एक-दोन मिनिटांपूर्वीचे असे दिसत असले, तरी आतली माहिती काही वेळा १५ ते २० मिनिटे जुनी असू शकते, असा इशारा तिथल्या अपघात तपास मंडळाने जून २०१२ मध्ये जीवघेण्या अपघातांनंतर दिला. ताशी ४० किलोमीटरने सरकणारा ढग १५ मिनिटांत दहा किलोमीटर पुढे गेलेला असतो. म्हणून ते चित्र पाहून लांबचा वळसा ठरवावा, दोन ढगांमधून वाट काढू नये.

ट्रॅफिकचेही तसेच. ज्या विमानात प्रसारण यंत्र नाही किंवा ते बंद आहे, ते पडद्यावर येत नाही. घारी-गिधाडे आणि बहुतेक ड्रोनही येत नाहीत. शिवाय हा रिसीव्हर फक्त दाखवतो. 'वर चढा', 'खाली उतरा' असा आदेश देणारी टीकॅस ही मोठ्या विमानांतली यंत्रणा वेगळी. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमाने हवेत आदळून ३४९ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर भारताने मोठ्या विमानांना टीकॅस सक्तीची केली.

थोडक्यात, मराठवाड्यात छोटे विमान बांधणाऱ्याने १०९० मेगाहर्ट्झचा ट्रॅफिक रिसीव्हर जरूर बसवावा, ९७८ च्या हवामानासाठी जादा पैसे मोजू नयेत आणि वाचलेले पैसे वीजशोधकाकडे वळवावेत. आणि उडताना अधूनमधून पडद्यावरून नजर काढून खिडकीबाहेर पाहावे. न बोलणारे विमान तिथेच दिसते.