टूलचं वर्णन कोणासाठी लिहायचं? १९७१ पासूनची एक छोटी गोष्ट

मागच्या वर्षी मी एका एआय एजंटला साधं काम दिलं होतं: तिसऱ्या प्रकरणाचा मसुदा गाइड मॅडमना पाठव. एजंटच्या हातात 'शेअर डॉक्युमेंट' नावाचं टूल होतं. ते मीच लिहिलेलं, आणि त्याचं वर्णन जेमतेम एका ओळीचं: 'डॉक्युमेंट शेअर करते.' एजंटला मॅडमचा ईमेल सापडला नाही, म्हणून त्यानं 'लिंक असेल त्या कोणालाही' हा पर्याय निवडला. तोही फाइलवर नाही, अख्ख्या फोल्डरवर. त्याच फोल्डरमध्ये माझ्या अभ्यासात भाग घेणाऱ्यांची सही केलेली संमतीपत्रं होती. माझ्या लक्षात आलं दोन दिवसांनी. मधल्या काळात ती कोणी उघडली का, हे मला आजही सांगता येत नाही.

आधी एजंटचा राग आला. मग स्वतःचं वर्णन पुन्हा वाचलं. फाइल आणि फोल्डर यांत फरक काय, ईमेल नसेल तर काय करायचं, यातलं काहीच मी लिहिलं नव्हतं. ते मला माहीत होतं, म्हणून लिहायची गरजच वाटली नव्हती.

ही अडचण आजची नाही. नोव्हेंबर १९७१ मध्ये बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचं पहिलं मॅन्युअल काढलं. त्यात प्रत्येक कमांडची माहिती ठरलेल्या मथळ्यांखाली होती: नाव, वापरायची रीत, वर्णन, संबंधित फाइल्स, त्रुटी. फाइलच्या परवानग्या बदलणारी 'सीएचमॉड' कमांडही त्यात आहे. मला सगळ्यात आवडतो तो त्रुटींचा मथळा. आपली कमांड कुठे फसते, हे लिहिणारेच छापून सांगत होते. तरीही काही सुटलंच, तर वाचणारा माणूस होता. तो शंका घ्यायचा, थांबायचा, शेजारच्याला विचारायचा.

१९७५ मध्ये जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी माहितीच्या संरक्षणावर एक लेख लिहिला. संगणकशास्त्रात संशोधन करायचं असेल तर तो वाचाच. त्यातली दोन तत्त्वं आपल्या कामाची आहेत. एक, कामापुरताच अधिकार द्या. दोन, स्पष्ट परवानगी नसेल तर उत्तर 'नाही' असंच धरा. माझ्या टूलनं दोन्ही मोडली होती.

तिसरा टप्पा १९८८ चा. नॉर्म हार्डी यांनी एका कंपायलरचा किस्सा लिहिला. त्या कंपायलरला वापराची आकडेवारी नोंदवण्यासाठी एका खास डिरेक्टरीत लिहायची परवानगी होती. बिलिंगची फाइलही तिथेच होती. एका वापरकर्त्यानं आपल्या आउटपुटसाठी नेमकं त्याच बिलिंग फाइलचं नाव दिलं. त्याला स्वतःला तिथे लिहिता येत नव्हतं, पण कंपायलरला येत होतं. बिलाची माहिती गेली. हार्डींनी अशा प्रोग्रॅमला 'गोंधळलेला प्रतिनिधी' या अर्थाचं नाव दिलं: अधिकार मोठा, पण तो कोणाच्या वतीनं वापरतोय याचा पत्ता नाही. माझा एजंट वेगळं काय करत होता?

आता अलीकडे येऊ. जून २०२३ मध्ये ओपनएआयनं मॉडेलला फंक्शन बोलवायची सोय दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकनं एमसीपी हा खुला प्रोटोकॉल आणला. दोन्हीकडे मॉडेलला टूलबद्दल मुख्यतः तीन गोष्टी मिळतात: नाव, वर्णन आणि इनपुटची रचना. आतला कोड त्याला सहसा दिसत नाही. २०२५ मध्ये एमसीपीत 'फक्त वाचतं' किंवा 'नुकसान करू शकतं' अशा खुणांची भर पडली, पण त्यांना नावच 'हिंट' असं दिलंय. म्हणजे सूचना, हमी नाही.

मग मी वर्णन बदललं. आता ते साधारण असं आहे:

'एका फाइलची परवानगी एका ईमेल पत्त्याला देते. फोल्डरसाठी वापरू नये, कारण फोल्डरची परवानगी आतल्या सगळ्या फाइल्सना लागू होते. भूमिका तीन: वाचक, टिप्पणीकार, संपादक. काही सांगितलं नसेल तर वाचक. पत्ता माहीत नसेल तर अंदाज करू नये, वापरकर्त्याला विचारावं. समोरच्याला लगेच ईमेल जातो, तो परत घेता येत नाही.'

यात नवं काही नाही. १९७१ चा त्रुटींचा मथळा आणि १९७५ ची दोन तत्त्वं, एवढंच आहे.

पण हार्डींचा किस्सा इथेच थांबू देत नाही. चांगलं वर्णन वाचूनही मॉडेल चुकू शकतं, किंवा एखाद्या डॉक्युमेंटमध्येच कोणी पेरलेली सूचना पाळू शकतं. म्हणून 'लिंक असेल त्या कोणालाही' हा पर्याय मी टूलमधून काढूनच टाकला, आणि फोल्डर आला तर कोडच नकार देतो. वर्णनामुळे एजंट योग्य टूल योग्य वेळी निवडतो. चुकलाच तर किती नुकसान होईल, हे मात्र परवानगीच ठरवते.

तुम्ही संशोधनासाठी टूल लिहिणार असाल तर एक करून बघा. कोड न दाखवता फक्त वर्णन लॅबमधल्या मित्राला द्या आणि विचारा, 'पत्ता नसेल तर हे काय करेल?' त्याला सांगता आलं नाही, तर एजंटलाही कळणार नाही. फरक इतकाच की मित्र 'माहीत नाही' म्हणेल. एजंट कदाचित काहीतरी करून मोकळा होईल.