मुक्तीच्या छापखान्यातले शास्त्र

आमच्या मंडळीत दृढीकरणाचा वर्ग सुरू झाला की मुलींच्या आया मला विचारतात, "बाई, हिला अभ्यासासाठी कोणतं बायबल घेऊ?" मी नगरला शाळेत मराठी शिकवत होते आणि रविवारी मुलींचा शास्त्रवर्ग घेते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. दुकानात आता निवड भरपूर आहे. गुलाबी वेष्टनाची, फुलांच्या किनारीची, 'खास मुलींसाठी' अशी इंग्रजी बायबलेही मिळतात. पण स्त्रियांच्या हाती कोणते शास्त्र द्यावे याचा जितका खोल विचार पंडिता रमाबाईंनी केला, तितका आपल्याकडे दुसऱ्या कोणी केलेला मला दिसत नाही. म्हणून उत्तर देण्याआधी मी त्या आयांना रमाबाईंच्या केडगावची हकिकत सांगते.

मराठी बायबल रमाबाईंच्या जन्माआधीपासून होते. विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या मदतीने केलेले मत्तयाचे शुभवर्तमान 1805 साली सेरामपूरला छापले गेले, 1811 मध्ये नवा करार आला. मुंबईत 1813 पासून राहिलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी 1826 साली आपला नवा करार काढला, आणि 1847 पर्यंत संपूर्ण शास्त्र मराठीत झाले. हे सारे काम पुरुषांचे. गोरे पाद्री आणि त्यांच्या शेजारी बसलेले शास्त्री-पंडित. पंडितांची मराठी संस्कृताकडे झुकणार, यात नवल नाही. ते वाचणारी बाई त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती, कारण वाचणाऱ्या बायाच फार थोड्या होत्या. मुंबईत याच अमेरिकन मिशनची मुलींची शाळा निघाली ती 1824 साली. 1827 मध्ये मिशनच्या शिक्षिका सिंथिया फॅरार आल्या, पुढे त्या आमच्या नगरला आल्या आणि 1862 साली इथेच वारल्या. त्यांची नगरची शाळा पाहून आपल्याला मुलींची शाळा काढावीशी वाटली, हे जोतीराव फुल्यांनीच सांगून ठेवले आहे. या शाळांतून अक्षर शिकलेल्या मुली शुभवर्तमान वाचू लागल्या. त्यांतल्या काही पुढे घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवत. वाचून दाखवत आणि मग समजावून सांगत, कारण नुसते वाचलेले कळत नसे.

रमाबाईंना हे कळण्याचे कारण फार जवळचे होते. 1858 साली जन्मलेली ही मुलगी आईच्या तोंडून संस्कृत शिकली. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले, म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला होता. दुष्काळात आई-वडील गेल्यावर ती भावाबरोबर पायी देशभर हिंडली आणि 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. जिला धर्मग्रंथ मुखोद्गत होते, तिला त्या ग्रंथांत बाईची जागा कोणती हेही ठाऊक होते. लग्नानंतर आसामकडच्या सिलचरला असताना घरातल्या पुस्तकांत तिला लूककृत शुभवर्तमान सापडले, बंगालीतले. ते तिने स्वतः वाचले, कोणाच्या मध्यस्थीशिवाय. माझ्या मते तिच्या पुढच्या सगळ्या कामाचे बी इथे आहे.

1882 मध्ये पती वारले. दुसऱ्या वर्षी आपल्या लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या मठात राहिल्या. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या धर्मभगिनी त्यांना शिकवत होत्या, आणि आपण शिकवू तसे त्यांनी मानावे असेही त्यांना वाटत होते. रमाबाईंनी मानले नाही. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार छापून आला आहे, तो मुलींनी जरूर वाचावा. शास्त्र मी वाचीन आणि माझ्या विवेकाला पटेल ते घेईन, हा त्यांचा हट्ट पानोपानी दिसतो. त्यांना सर्वांत हलवून गेला तो योहानाचा चौथा अध्याय. लंडनजवळ फुलहॅमला समाजाने टाकलेल्या बायांना या भगिनी मायेने सांभाळताना त्यांनी पाहिल्या आणि हे का, असे विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. रमाबाईंनी आपल्या आत्मकथनात हा क्षण नोंदवला आहे.

मग रमाबाई देशात परतल्या, 11 मार्च 1889 रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी व मुलींसाठी शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झालेल्या. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, असे ठरले होते. ग्रंथालयात हिंदू धर्मग्रंथ होते, बायबलही होते. रमाबाई आपल्या खोलीत शास्त्र वाचत, प्रार्थना करत, आणि दार उघडे ठेवत. काही मुली येऊन बसू लागल्या. 1893 साली त्यावरून पुण्यात वादळ उठले, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांची भीती मला समजते. मुलगी दुसऱ्या धर्मात जाईल, ही भीती खोटी नव्हती. तरी त्या उघड्या दाराबद्दल मला आदर आहे. ज्या मुलीला यायचे ती येई, न येणारीला कोणी बोलवत नसे. गोदूबाई त्या घरात राहून हिंदूच राहिल्या.

1896-97 च्या दुष्काळाने सगळेच बदलले. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन केडगावला आल्या. पुणे-सोलापूर रेल्वेवरच्या या गावी त्यांनी आधीच जमीन घेऊन ठेवली होती. पुढे गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या. तिथल्या मुक्ती सदनात माणसे सुमारे 2,000 पर्यंत गेली. कुणबी, महार, भिल्ल, ब्राह्मण, सगळ्या जातींच्या. पुण्याच्या सदनात पांढरपेशा घरच्या मुली होत्या, इथे शेतावरच्या. त्यांना अक्षर शिकवून हातात शास्त्र दिले, तर पुढे काय? अक्षरे लागत होती, अर्थ लागत नव्हता. पंडितांची मराठी आड येत होती.

साऱ्या महाराष्ट्रात संस्कृत जाणणारी सर्वांत विद्वान बाई ही, आणि तिनेच ठरवले की गावच्या बाईला कळेल अशा मराठीत सगळे शास्त्र पुन्हा आणायचे. इंग्रजीवरून करणे सोपे होते. त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक हाती घेतले आणि मूळ पाठावरून काम केले. अमेरिकेत ज्युलिया स्मिथ यांनी 1876 साली एकटीने संपूर्ण बायबल इंग्रजीत आणले होते. आपल्याकडे हे धाडस रमाबाईंचे. मुक्तीत स्वतःचा छापखाना होता. खिळे जुळवणाऱ्या मुली होत्या, यंत्र चालवणाऱ्या मुली होत्या, मुद्रिते तपासणाऱ्या मुली होत्या. ज्या मुलीसाठी पुस्तक, तिच्याच बोटांखालून त्याचे पान जात होते. मनोरमा आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवत, म्हणजे डोळ्यांनी न वाचणाऱ्याही वाचकांत धरलेल्या होत्या. 24 जुलै 1921 रोजी मनोरमा गेल्या. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या. संपूर्ण ग्रंथ छापून निघाला 1924 साली.

हे भाषांतर मी पुष्कळ वापरले आहे, आणि त्याची काही वाक्ये मला खडबडीत लागतात. मुळाला धरून राहण्याच्या आग्रहाने मराठीची चाल कुठे कुठे मोडते. मंडळ्यांमध्ये बायबल सोसायटीचेच 'पवित्र शास्त्र' चालत राहिले, आजही चालते. पुढे वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 'सुबोध बायबल' दिले, त्याची भाषा खरोखर वाहती आहे. पण निवडीची कसोटी केडगावला ठरली होती: मुलीला एकटीला वाचता आले पाहिजे.

टीपांचा विचार यानंतर. टीपांचे बायबल ही जुनी गोष्ट आहे. 1560 चे जिनिव्हा बायबल समासातल्या टीपांनी भरलेले होते. निर्गमाच्या पहिल्या अध्यायात शिप्रा आणि पुवा या सुइणी फारोची आज्ञा मोडून इब्र्यांचे मुलगे जिवंत ठेवतात. जिनिव्हाच्या टीपेत त्यांचे आज्ञा मोडणे योग्य ठरवले होते, फारोशी त्यांचे खोटे बोलणे मात्र नव्हे. 1604 साली हॅम्प्टन कोर्टच्या परिषदेत राजा जेम्सने नेमका याच टीपेवर आक्षेप घेतला. राजाज्ञा मोडणाऱ्या दोन बायांना समासात शाबासकी मिळावी, हे राजाला चालणारे नव्हते. त्याच्या आश्रयाने 1611 साली निघालेल्या बायबलात असल्या टीपांना जागाच ठेवली नाही.

अमेरिकेत एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी 1895 आणि 1898 मध्ये 'द वूमन्स बायबल' काढले, त्यात स्त्रियांविषयीचे उतारे घेऊन त्यांवर स्त्रियांनी भाष्य केले. त्यांच्याच मताधिकार संघटनेने 1896 साली ठराव करून त्या पुस्तकाशी आपला संबंध नसल्याचे जाहीर केले. स्टँटन यांच्या धैर्यापुढे मी नम्र आहे. तरी मुलीच्या हाती निवडक उतारे द्यावेत, असे मला वाटत नाही. तिला सगळे शास्त्र मिळाले पाहिजे, वंशावळ्या आणि युद्धे धरून. फुलांच्या किनारीच्या आवृत्त्यांबद्दल माझी तक्रार हीच आहे. त्यांतल्या टीपा रूप, मैत्रिणी आणि मनःशांती यांभोवती फिरतात आणि शास्त्रातल्या अवघड बायांपाशी थांबत नाहीत.

म्हणून आयांना मी म्हणते, मुलीला दुकानात बरोबर न्या. तिलाच पुस्तक उघडू द्या. निर्गमाच्या पहिल्या अध्यायाखाली त्या सुइणींबद्दल काय लिहिले आहे, ते बघा. रोमकरांच्या सोळाव्या अध्यायात फीबी आणि युनिया यांच्यावर टीप आहे का, आणि युनिया ही स्त्री होती हे ती टीप मोकळेपणी सांगते का, ते बघा. अक्षर मोठे हवे, समास मोकळा हवा, नकाशे हवेत आणि उताऱ्यांचे संदर्भ हवेत. संदर्भांचे मोल गणनेच्या सत्ताविसाव्या अध्यायात कळते. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून बापाच्या जमिनीत वाटा मागतात, आणि देव म्हणतो की त्या बरोबर बोलतात. समासातला संदर्भ मुलीला तिथून छत्तिसाव्या अध्यायाकडे नेतो. तिथे कुळातले पुरुष येऊन अट घालून घेतात, की या मुलींनी आपल्याच वंशात लग्न करावे. माझ्या वर्गात हे दोन अध्याय एका रविवारी वाचले की पुढचे दोन-तीन रविवार त्यावरच जातात, आणि दुसरा धडा मी मध्ये आणत नाही.